मेळघाटातलं कुपोषण: पोर डोंगरात, आई शेतात, योजना कागदावर?

मोहफूल

पावसाळा लागला की पेपरात मेळघाट येतो. बालमृत्यूचे आकडे, एखाद्या मंत्र्यांचा दौरा, न्यायालयाने ओढलेले ताशेरे. पोळा उलटला की सगळं गप्प. 1993 साली इथले बालमृत्यू राज्यभर गाजले, तेव्हापासून हे असंच चालू आहे. मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "तीस वर्षं पैसा ओततोय तरी हे लोक सुधारत नाहीत." तिथे विषय वेगळा होता म्हणून गप्प बसले, पण डोक्यातून गेलं नाही. मी काही वर्षं धारणी तालुक्यात पोषणाच्या कामात होते. त्यामुळे चार गोष्टी मांडते, बाकी जाणकारांनी भर घालावी.

ज्यांना भाग माहीत नाही त्यांच्यासाठी: मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, सातपुड्याच्या रांगांत. वस्ती मुख्यतः कोरकू. मधोमध व्याघ्र प्रकल्प. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, तोही घाटरस्ता.

आता मुद्दा. "कुपोषण म्हणजे खायला नाही" हे अर्धंच खरं. कधी नाही आणि त्या वेळी माणसं कुठे असतात, हे कुणी विचारत नाही. तिथल्या घराचं वर्ष साधारण असं असतं.

मे संपता संपता कणगी रिकामी होते. जूनमध्ये पेरणी, म्हणजे हातातला पैसाही मातीत. पावसात रोजगार हमीची कामं थांबतात, दुकानदाराची उधारी सुरू होते. नवं धान्य घरात यायला दसरा-दिवाळी उजाडते. नेमक्या याच चार महिन्यांत नाल्याचं गढूळ पाणी, हगवण, हिवताप आणि न्यूमोनिया. आणि याच चार महिन्यांत आईला निंदणीमुळे क्षणाची उसंत नसते. पहाटे भाकरी थापून ती शेतावर जाते. दहा महिन्यांचं पोर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. बहीण त्याला काय भरवणार? भाकरीचा तुकडा हातात देते, पोर तो चोखत बसतं.

सरकारला हे ठाऊक नाही असं मुळीच नाही. खावटी योजना (आदिवासींना पावसाळ्यात धान्य-पैशाची मदत) कशासाठी होती? पावसाळ्यात आदिवासींच्या घरात दाणा नसतो, हे मान्य करूनच ती काढली. नवसंजीवन योजनेत संपर्क तुटणाऱ्या गावांत पावसाळ्याआधी धान्य पोचवून ठेवायची पद्धतही त्याच समजुतीवर आहे.

पण वर्षाचा दुसरा अर्धा भाग कुणाच्या हिशोबात नाही. दिवाळी झाली की गावं रिकामी व्हायला लागतात. कापूस वेचायला, हरभरा काढायला, संत्र्याच्या बागांत, वीटभट्ट्यांवर. दर्यापूर, अकोट, अचलपूर, मोर्शी, काही तर मध्य प्रदेशात. होळीला सगळे परत येतात, कारण कोरकूंचा खरा सण होळी. फगवा मागून झाला की बरेच जण पुन्हा उतरतात.

अंगणवाडीतलं एखाद्या पोराचं वाढीचं कार्ड बघा. पहिले पाच-सहा महिने रेघ छान वर चढते, आईच्या दुधावर. मग आडवी होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चार रकाने कोरे, त्यात सेविकेच्या अक्षरात "स्थलांतरित". मार्चमध्ये पुन्हा एक ठिपका, आणि तो ऑक्टोबरच्या ठिपक्याच्या खाली. त्या चार महिन्यांत पोरानं काय खाल्लं हे ना इकडच्या अंगणवाडीला माहीत, ना तिकडच्या. पोषण आहार, लसीकरण, वजनकाटा, सगळं डोंगरात. पोर सपाटीवर, कुणाच्यातरी शेताच्या धुऱ्यावर साडीच्या झोळीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. योजना गावाला बांधलेल्या आहेत, भूक माणसाबरोबर फिरते.

कांदेपोहे

लेख चांगला आहे, पण एक बाजू सोयीस्करपणे गाळलीत. पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात, डंबा म्हणतात त्याला, त्याच्या बातम्या दरवर्षी येतात. सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्नं, पाठोपाठ बाळंतपणं, दवाखान्यात न्यायच्या आधी भूमकाकडे (गावचा पुजारी-वैदू). याला स्थलांतर जबाबदार आहे का? शिक्षण आणि अंधश्रद्धा हेच मूळ आहे असं माझं मत. कोणी दुखावलं गेलं तर क्षमस्व, पण खोटं बोलवत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

》दवाखान्यात न्यायच्या आधी भूमकाकडे

राजेहो, भूमका गावातच राह्यते. दहा मिनिटात येते, पैशाचं नंतर पाहू म्हन्ते. दवाखान्यात न्यायचं तं आधी गाडी पाह्य, गाडी भेटली तं डिझेलचे पैसे पाह्य, तिकडं गेलं तं डॉक्टर मीटिंगले गेलेला. तुमी पुन्यात रात्री दोन वाजता पोरगं तापलं तं काय करता? शेजारच्या आजीले विचारताच ना?

धूळघाटकडच्या लोकायले आधी अकोला-खंडव्याची मीटरगेज होती. 2017 ले रुंदीकरनासाठी बंद पडली, मंग व्याघ्र प्रकल्पातून न्यायची का बाहेरून याच्यावरच घोडं अडलं. वाघासाठी चांगलं असन, मी त्याच्यात पडत नाही. पन ज्याची गाडी गेली त्याले कोनी विचारलं नाही.

स्टेथोधारी

बालरोगतज्ज्ञ आहे, शिकत असताना आणि नंतरही त्या भागातली मुलं बघितली आहेत. कांदेपोहे यांच्या प्रतिसादाला थोडं सविस्तर.

डंबा आहे. मी ते व्रण बघितले आहेत आणि ते बघून संताप येतो. पण चटके कोणत्या मुलाला देतात ते बघा. पोट फुगलेलं, सतत रडणारं, खाल्लेलं न पचणारं पोर. म्हणजे बहुतेक वेळा ते मूल आधीच कुपोषित आणि वर जंतुसंसर्ग झालेलं असतं. चटक्यानं ते आणखी खालावतं, जीवही जाऊ शकतो. तरी आजाराची सुरुवात तिथून झालेली नसते.

सुरुवात बरीच आधी होते. आईचं स्वतःचं वजन चाळीस किलोच्या आत, रक्त कमी, सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत डोक्यावर मोळी. बाळ जन्मतःच दोन किलोच्या आसपास. अशा बाळाला पहिल्या महिन्यात ऊब आणि वेळेवर दूध मिळालं नाही तर साधा संसर्गही झेपत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली, तर नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी खाली आलं. 1999 साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि 2011 पासून देशभरात आशाताई त्याच धर्तीवर घरी जातात. तिथेही भूमकासारखे पुजारी होतेच. त्यांना हाकलून हा फरक पडला नाही. बाळाजवळ वेळेवर पोचणारं दुसरं माणूस तयार झालं म्हणून पडला.

दुसरं. वर्षाच्या पोराचं पोट त्याच्या मुठीएवढं. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं आणि तेल-तूप घातलेलं घट्ट खाणं लागतं. ते मिळतं दोनदा, मोठ्यांबरोबर, तेही वरणाच्या पाण्यात बुडवलेली भाकरी. पोट भरलेलं दिसतं, रडणं थांबतं, वजन मात्र वाढत नाही. घरात धान्य असतानाही मूल कुपोषित होतं ते असं. रेशनवर तांदूळ-गहू मिळतात, तेल आणि डाळ मिळत नाही, हे यात जोडा.

आणि "कुपोषणाने एकही मृत्यू नाही" ही सरकारी उत्तरं वाचताना एक लक्षात ठेवा. दाखल्यावर न्यूमोनिया, हगवण, कमी वजनाचं बाळ, असंच लिहिलं जातं. ते खोटं नसतं. पण दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असलेलं पोर न्यूमोनियानं जातं आणि धडधाकट पोर त्याच न्यूमोनियातून उठतं. एका रुग्णालयात (नाव लिहीत नाही) मी नोंदीत "तीव्र कुपोषण" हे दुय्यम कारण म्हणून लिहिलं, तर वरून विचारणा झाली की हे लिहायची गरज होती का.

कांदेपोहे

पोटाच्या आकाराचा मुद्दा पटला. दाखल्याचाही. लग्नाच्या वयावर मात्र तुम्ही दोघंही काही बोलला नाहीत.

स्टेथोधारी

आईच कच्ची असेल तर बाळ कच्चं, यात वाद नाही. पण पंधरा-सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली पोर कामाला बाहेर न्यायची की मागे एकटी ठेवायची, हा प्रश्न त्या बापापुढे असतो. लग्न करून दिलं की तो प्रश्न सुटतो असं त्याला वाटतं. आश्रमशाळेत दहावी-बारावीपर्यंत टिकलेल्या मुलींची लग्नं उशिरा होतात हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

खानदेशी_भरीत

आमच्या नंदुरबारचं सांगतो. सातपुडा तोच, फक्त पश्चिमेचं टोक. धडगाव आणि अक्कलकुवा, पावरा आणि भिल्ल समाज. नर्मदाकाठच्या काही पाड्यांना रस्ताच नाही, सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे बोटीनं जावं लागतं. तिथे तरंगता दवाखाना चालवावा लागला, यावरून अंदाज करा. वरच्या पाड्यांवरून बाळंतीण आणायची तर बांबूला झोळी बांधून चार जण खांद्यावर आणतात. पेपरवाल्यांनी त्याला 'बांबूलन्स' नाव दिलंय. वाचायला गंमत वाटते, आणणाऱ्याला विचारा.

आमच्याकडे लोक ऊसतोडीला गुजरातेत जातात, सुरत-बारडोली पट्ट्यात. जोडीनं जावं लागतं, मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. आई पहाटे चारला फडात. पोर पाचटाच्या ढिगाशेजारी. आता राज्यानं स्थलांतरितांची नोंद ठेवायला ॲप काढलंय, चांगली गोष्ट आहे. पण नोंद झाली म्हणून फडात अंगणवाडी येत नाही, आणि हद्दीपलीकडची सेविका दुसऱ्या सरकारची, तिला इकडची यादी कोण देणार? सिकलसेल आमच्याकडे आहेच, तो वेगळाच धागा होईल.

धागाकर्तीशी एका बाबतीत असहमत. योजना गावाला बांधलेल्या आहेत म्हणता, पण लोकांनी गावातच राहावं यासाठी काय, ते बोलला नाहीत. माणसाला हौस नसते हो उसाच्या फडात झोपायची.

फौजीमामा

मी हिमाचलात नोकरीला होतो. डोंगरातल्या कुपोषणाचा एक प्रकार तुमच्या चर्चेत आला नाही, तो आयोडीनचा. हिमनद्या आणि पावसानं डोंगरउतारावरच्या मातीतलं आयोडीन हजारो वर्षं धुऊन नेलं. त्या मातीतलं धान्य, त्यावर चरणारी जनावरं, सगळ्यांतच ते कमी. पूर्वी कांगडा खोऱ्यात घरटी गलगंड असायचा. लोकांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की आजार आहे असं वाटायचंच नाही. खरं नुकसान गळ्याला नाही, पोटातल्या बाळाच्या मेंदूला.

1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगड्याचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीन मिसळलेलं मीठ, एकाला साधं. काही वर्षांनी मिठाच्या भागांत गलगंड उतरला, साध्या भागात तसाच राहिला. त्यावरून 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज आपल्या घरातल्या मिठाच्या पिशवीवर आयोडीन लिहिलेलं असतं त्याचं मूळ तिथे आहे.

मीठ यशस्वी का झालं? ते प्रत्येक जण विकत घेतोच, कुठेही राहिला तरी. अंगणवाडीपर्यंत चालत जावं लागत नाही. बघा, तुमच्या मुद्द्याला जुळतं का.

आकडेमोड

फक्त संदर्भासाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 5 (2019-21), पाच वर्षांखालची मुलं. महाराष्ट्रात खुजी (वयाच्या मानाने उंची कमी) 35.2 टक्के, लुकडी (उंचीच्या मानाने वजन कमी) 25.6 टक्के, वयाच्या मानाने कमी वजनाची 36.1 टक्के. देशात लुकडी 19.3 टक्के. म्हणजे लुकडेपणात आपण देशाच्या सरासरीपेक्षा वाईट आहोत. हे सगळं एकटा मेळघाट किंवा नंदुरबार करू शकत नाही, तेवढी तिथली लोकसंख्याच नाही. डोंगराकडे बोट दाखवताना हे ध्यानात असू द्या.

बी_बियाणे

शेतीच्या अंगानं. कोरकूंच्या शेतात पूर्वी कोदो, कुटकी, सावा, ज्वारी, तूर असं मिसळ पीक असायचं. एक गेलं तर दुसरं हाती लागायचं. कोदो-कुटकी वर्षानुवर्षं साठवली तरी किडत नाही, म्हणून पावसाळ्याची बेगमी तीच. आता जिकडे तिकडे सोयाबीन. सोयाबीनमध्ये प्रथिनं भरपूर, पण ते खातं कोण? पोत्यात भरून बाजारात, आणि त्या पैशातून तेलाची पिशवी, मोबाईलचा रिचार्ज, मुलाला कुरकुऱ्यांचं पाकीट. ही भरड धान्यं परत आणली तर निम्मा प्रश्न सुटेल.

मोहफूल

बी_बियाणे, मिसळ पिकाचं अगदी बरोबर. पण "परत आणली तर निम्मा प्रश्न सुटेल" यावर थांबा. कुटकी कांडायला किती वेळ लागतो ते त्या घरातल्या बाईला विचारा. उखळात घालून कांडा, पाखडा, पुन्हा कांडा. जिच्याकडे पोराला भरवायला वेळ नाही तिच्या डोक्यावर आपण आणखी दोन तासांचं काम देणार. गावात सालं काढायचं यंत्र असेल तर बोलू. शहरात तीच कुटकी महाग पाकिटात मिळते, तिथे मात्र यंत्र पोचलंय.

खानदेशी_भरीत, गावात राहण्याबद्दल विचारलंत ते योग्यच. एक उदाहरण आहे, अचलपूर तालुक्यातलं पायविहीर. वनहक्क कायद्याखाली 2012 साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड माळ होता, तिथे गावानं झाडं राखली, रोजगार हमीतून कामं काढली, सीताफळ स्वतः विकायला लागले. स्थलांतर कमी झालं. सगळीकडे तसंच होईल असं नाही, व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातल्या गावांचं गणित निराळं आहे. बैरागडला डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे यांनीही दवाखान्याबरोबर शेती आणि रेशन दुकान यात लक्ष घातलं, ते उगाच नव्हे. पेशंट बरा होऊन त्याच रिकाम्या घरी जाणार असेल तर औषध किती दिवस पुरणार?

सुमनताई

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका होते, आता निवृत्त. वाचत होते, पण राहवलं नाही.

सगळे सेविकांना धरून बसतात. अमृत आहार योजना 2015 च्या शेवटी आली. गरोदर आणि स्तनदा बाईला अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण ताट. भाकरी, भात, डाळ, भाजी, अंडं किंवा केळं. माझ्या मते इतकी चांगली योजना दुसरी नाही, कारण बाई समोर बसून जेवते. घरी पाकीट दिलं तर ते सगळ्यांत वाटलं जातं, नाहीतर शेळीला जातं. सुरुवातीला ताटामागे 22 रुपये धरले होते. त्यात सगळं. सरपण, तेल, आणणावळ. अंडी परतवाड्याहून येणार, घाटात निम्मी फुटणार, फुटक्याचे पैसे कोण देणार? सेविका स्वतःच्या मानधनातून सामान आणायची, बिल तीन-तीन महिने यायचं नाही. किराणावाला तिच्या दारात.

आणि ताटाची वेळ दुपारची. गरोदर बाई निंदणीला दोन मैलांवर. आमच्या एका सेविकेनं मग डबे भरून शेतावर पाठवायला सुरुवात केली. तपासणीत शेरा पडला, "लाभार्थी केंद्रात उपस्थित नाहीत." ती म्हणाली, बाई जेवली की नाही ते बघा ना! तिचं खरं होतं. मी तसं लिहून दिलं, वर काय झालं माहीत नाही.

वजनाचं सांगते. पूर्वी सॉल्टर काटा वाशाला टांगायचा, पोराला झोळीत घालायचं, ते हातपाय झाडणार, काटा नाचणार. त्यात दोनशे ग्रॅम इकडेतिकडे सहज. वरून फोन, "ताई, तुमच्याकडे सॅम (तीव्र कुपोषित मुलं) जास्त का दिसतायत?" दोनशे ग्रॅममध्ये पोर सॅमचं मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित, होतं. समजून घ्या.

कांदेपोहे

सुमनताई, तुमचा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका ही विनंती.

जव्हारकर

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याबद्दल दोन ओळी. 1992 साली वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, मोठा गदारोळ उठला. आमच्याकडे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्या. मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणजे लांबचं दुर्गम वगैरे म्हणायलाही जागा नाही. मुंबईला पाणी देणारी मोठी धरणं आमच्या जिल्ह्याच्या आसपास आणि मार्चनंतर हंड्यासाठी रांग. सावकाशीनं लिहितो.

अंबानगरी_08

सगळं वाचलं. आम्ही अमरावतीतले काही जण मिळून दरवर्षी दिवाळीत मेळघाटात कपडे आणि बिस्किटांचे पुडे वाटतो. या वेळी कुपोषणासाठी काहीतरी करायचं आहे. प्रोटीन पावडरचे डबे नेले तर चालतील का? साधारण कोणती गावं घ्यावीत?

सुमनताई

भाऊ, रागावू नका. बिस्किटं नेऊ नका. पोर दोन बिस्किटं खातं, भूक मरते, जेवत नाही. पावडरचे डबे मुळीच नको. झाकण उघडं राहतं, पाणी नाल्याचं, चमचा ओला. आजारी पाडाल.

आणि दिवाळीनंतर कशाला वर जाता? तेव्हा ती माणसं तुमच्याच शहराच्या कडेला येतात. बडनेऱ्याकडे, वलगाव रोडला, जिथे जिथे बांधकाम आणि भट्ट्या आहेत तिथे बघा. बागायतदार मित्र असेल तर त्याच्या मजुरांच्या झोपड्या बघा. पाच वर्षांखालची पोरं मोजा. सगळ्यात जवळची अंगणवाडी शोधा आणि तिथल्या सेविकेला घेऊन या. पोर ज्या गावचं आहे त्या गावातच आहार मिळेल असा नियम नाही. जिथे आहे तिथल्या अंगणवाडीतून द्यायचा आहे. कागद नाही म्हणून परत पाठवलं तर तुम्ही सोबत उभे राहा, शहरातला माणूस बोलला की ऐकतात.

पैसे खर्चच करायचे असतील तर तिथल्याच एका बाईला दिवसाची मजुरी द्या आणि आई कामावर असेपर्यंत दहा पोरं सांभाळायला बसवा. दर तीन तासांनी भरवायचं. खिचडीत वरून तेलाचा चमचा. एवढंच.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, आमच्या बागेत यंदा धारनीकडची सात-आठ कुटुंबं येनार हायेत, डिसेंबरात. अंगनवाडी गावात हाय, बागेपासून दीड किलोमीटर. सेविकेले कोनत्या महिन्यात सांगून ठेवू म्हंजे तिचं सामान कमी नाही पडनार?

सुमनताई

ऑक्टोबर संपायच्या आत. मागणीत आकडा आधी घालावा लागतो. पोरांची नावं आणि वयं मुकादमाकडून घेऊन ठेवा, गरोदर बाई असेल तर तेही. आणि मुकादम म्हणेल लहान पोरं नाहीत, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.